पाणीच होतं

फाल्गुन लागला की भोरच्या भोवतालचे डोंगर आधी करडे होतात आणि मग काळे. वणवा आम्ही लावला नाही असं जो तो सांगतो, आणि तरी दरवर्षी वेल्ह्याच्या अंगाचे माळ पेटतातच. जळक्या गवताची काजळी वाऱ्याबरोबर पेठेपर्यंत येते आणि वाळत घातलेल्या धोतरांवर बसते. नीरेचं पाणी खडकांत मागे सरतं. पळस फुलून जातो, आंब्याचा मोहर गळायला लागतो, आणि एखाद्या दुपारी कुठल्या तरी आळीतून पोरांची पहिली बोंब ऐकू येते. मी तेव्हा उठून दार लावून घेतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला गोंगाट सोसत नाही.

यंदाचा शिमगा दुकानाशिवायचा पहिला. संस्थान विलीन झालं, त्यापाठोपाठ दारूबंदी आली, आणि वडलांनी मांडलेलं, मी चालवलेलं आमचं दारूचं दुकान बंद झालं. इतकी वर्षं जे नाकाला धोतराचा सोगा लावून समोरून जायचे, तेच आता थांबून हळहळतात. म्हणतात, पेठेची रया गेली. शाळेतले एक मास्तर गावाची जुनी माहिती गोळा करतात, ते परवा वही घेऊन आले. म्हणाले, ‘अण्णा, दुकानाचा इतिहास सांगा. काही गमतीजमती असतील त्या सांगा.’ मी गमतीजमती सांगितल्या. मास्तर खळखळून हसले आणि चहा पिऊन गेले. त्यांना जे सांगितलं नाही ते इथं लिहितो आहे.

आम्ही जातीचे कलाल, त्यामुळे दारूचं दुकान का काढलं असं वडलांना कुणी विचारलं नाही. पेठ संपते आणि रस्ता नदीकडे उतरतो तिथं दुकान होतं. पुढं फळ्यांचं दार, दाराला रुंद दगडी पायरी. आत दोन बाकं, उभी पिंपं, आणि आंबूस ओला वास. त्या वासात भाजलेल्या सुकटीचा वास मिसळला की आमची दुपार झाली असं समजायचं. मागचं दार प्रतिष्ठितांसाठी. ते डोक्यावरून उपरणं घेऊन यायचे आणि आपल्याला कुणी ओळखलं नाही असं समजून जायचे. मागच्याच भिंतीला खाली एक भोक होतं. ज्यांना दोन्ही दारांतून आत यायची मुभा नव्हती, त्यांना त्या भोकातून करवंटीत ओतायचं. करवंटी ज्याची त्यानं आणायची. वडलांनी हा रिवाज चालवला, मीही चालवला. मला तेव्हा वाईट वाटायचं असं आज लिहिलं तर ती थाप होईल. काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

भाटघरचं नवं धरण बांधत होते तेव्हा दुकानाला ऊत आला होता. कुठून कुठून आलेले पाथरवट, गवंडी, मुकादम संध्याकाळी पायरीवर मावत नसत. मग पाणी चढायला लागलं आणि ज्यांची वावरं बुडाली तेही यायला लागले. धरणाचा दगड वाहिलेला आणि त्याच धरणात शेत गेलेला असे दोघे एका बाकावर बसायचे. मी दोघांना एकाच पिंपातून द्यायचो आणि मनात म्हणायचो, चला, दोघांचंही पाणी आपल्याकडंच येतं आहे. असले विनोद मला फार सुचत.

पाण्याचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. मी दारूत पाणी घालत होतो. दार उघडायच्या आधी प्रत्येक पिंपात दोन घागरी. घागरी बायको विहिरीवरून आणून द्यायची आणि दुसरीकडे बघत उभी राहायची. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. बाबू तांबट म्हणून आमचा रोजचा माणूस. हंड्यांवर ठोके घालून घालून तो अर्धा बहिरा झाला होता, म्हणून सगळं ओरडून बोलायचा. दारातूनच ओरडायचा, ‘अण्णा, लई तहान लागलीया, वाईच पानी द्या!’ सगळी बाकं हसायची. मीही हसायचो. पण ते खरं होतं, म्हणून मला मिरचीसारखं झोंबायचं.

शिमग्याला आमच्या दुकानाचा स्वतःचा एक खेळ होता. धुळवडीच्या दिवशी दुपारी दुकानातली मंडळी बांबूची तिरडी बांधायची आणि कुणा तरी जित्या माणसाला मढं करून तिच्यावर निजवायची. मग त्याची यात्रा पेठेतून नदीपर्यंत. पुढं एक जण दोरीला टांगलेलं मडकं घेऊन चालायचा. खऱ्या मयताला त्यात विस्तव असतो, आमच्या मडक्यात दारू असायची. मागं बाकीचे ऊर बडवत मढ्याचे गुण गायचे, म्हणजे त्याची सगळी अंडीपिल्ली भर पेठेत बाहेर काढायची. मढ्यानं हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, हसायचं नाही. हललं तर त्याला शेणकाल्यात लोळवायचं. नदीवर तिरडी उतरवली की दुकानाचा मालक म्हणून मी पुढं व्हायचो आणि मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात तशी मढ्याच्या तोंडात मडक्यातली दारू घालायचो. घोट आत गेला की मढं उठून बसायचं आणि बोंब ठोकायचं. आम्ही म्हणायचो, यमाघरनं परत आणला.

मढं व्हावं तर धोंडिबानं. धोंडिबा धनगर, वेल्ह्याच्या बाजूला डोंगरमाथ्यावर पाच-सहा खोपटांची वस्ती आहे तिथला. बाजाराच्या दिवशी दोन खिंडी उतरून यायचा. कधी लोणी आणायचा, कधी घोंगडी, कधी एखादा बोकड. दुकानात शिरताना खांद्यावरचं घोंगडं दाराबाहेर काढून ठेवायचा, लोक देवळाबाहेर वहाणा काढतात तसं. प्यायचा मात्र कोसळेपर्यंत. त्याची बायको ठकू रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची आणि तो बाहेर पडला की त्याच्या काखेत हात घालायची. तिरडीवर पडला की हा माणूस खरोखर मेल्यासारखा दिसायचा. ओठांवर माशा फिरल्या तरी हलायचा नाही. तीन शिमगे लागोपाठ तोच आमचं मढं होता.

त्याची दोन पोरं लहानपणीच गेली. तिसरी मुलगी, बानू. ती दीड वर्षाची असताना गोवर आला आणि पोरगी हातची जायला लागली. ठकूनं देवापुढची भंडाऱ्याची ताटली आणून धोंडिबापुढं ठेवली. डोंगरातल्या माणसाला बेलभंडार उचलणं म्हणजे काय, हे पेठेतल्या माणसाला कळायचं नाही. बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घेऊन खंडोबाच्या नावानं बोललं की तो शब्द जन्माचा. धोंडिबानं एक हात पोरीच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यानं भंडारा उचलला आणि म्हणाला, ‘द्येवा, हिला जगीव. आजपासनं म्या दारूला शिवनार न्हाई. शिवलो तर पोरगी तुजी.’

पोरगी जगली, आणि धोंडिबानं दारू सोडली. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, त्यानंच माझ्या पायरीवर बसून साऱ्यांना सांगितलं. कारण दारू सोडली तरी त्यानं पायरी सोडली नव्हती. वस्तीवरचे सोबती आत पीत बसायचे आणि त्यांच्याबरोबर चढ चढायचा म्हणून हा बाहेर थांबायचा. खांद्यावरून बानूला खाली उतरवायचा, फुटाणे हातानं सोलून एकेक तिच्या तोंडात घालायचा. पोरगी रिकाम्या डब्यावर थापा मारत बसायची. माझी बायको मागच्या घरातून येऊन तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि उगाचच तिचे केस सारखे करायची.

दारूच्या दुकानाच्या पायरीवर न पिणारा माणूस बसलेला कसा दिसतो हे दुकानदारालाच कळतं. आत येणारा त्याच्याकडे बघायचा आणि क्षणभर घुटमळायचा. बाबूची बायको तर एकदा भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरून म्हणाली, ‘बगा, त्या डोंगरातल्या मानसाला जमतंय, तुमास्नीच का जमंना?’ बाबू त्या दिवशी घरी परत गेला. धोंडिबा कुणाला उपदेश करायचा नाही. केला असता तर बरं झालं असतं, मला त्याला हाकलता आलं असतं. तो नुसता बसायचा, पोरीला फुटाणे भरवायचा आणि मला बघून हसायचा. तीन वर्षं मी ते हसू सोसलं. त्या माणसानं माझं काही वाकडं केलं नव्हतं आणि तरी मला तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

त्या वर्षीचा शिमगा फार कडक उन्हाचा होता. धुळवडीच्या सकाळपासून तापलेल्या धुळीचा आणि शेणाचा वास पेठभर होता. तिरडी बांधून झाली आणि मढं कुणाला करायचं यावरून वाद झाला. बाबू ओरडला, ‘आरं, मढं भाइर पायरीवर बसलंय की!’ सगळे पायरीकडं धावले. धोंडिबा हात जोडून हसत नाही म्हणाला. बाबूनं त्याच्या गळ्यात हात टाकला. ‘आरं, पानी घालू तुज्या तोंडात. पानी! दारू न्हाई. तू निसता पड. तुज्यागत मढं साऱ्या मुलखात न्हाई.’

धोंडिबाला ते ऐकून बरं वाटलं. माणसाला स्वतःचा एखादा गुण मोडीत निघाला की चुटपुट लागते, आणि कुणी त्याची आठवण काढली की तो भुलतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘मालक, पानीच घालायचं हां.’

‘पाणीच रे,’ मी म्हणालो. ‘माझा शब्द.’

मी आत गेलो. पाण्याची घागर आणि दारूचं पिंप हातभर अंतरावर होतं. गडबडीत हात चुकला असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. पायरीवर ‘माझा शब्द’ म्हणतानाच माझं ठरलं होतं. मी अजून न फोडलेल्या पिंपाचं बूच काढलं आणि मडकं भरलं. त्यात थेंबभरही पाणी घातलं नाही.

मडकं पुढं कुणी धरायचं, यावर कुणी तरी म्हणालं, मयताचं लेकरू धरतं. मुलगा नाही तर मुलगी. पाच वर्षांच्या बानूच्या हातात आम्ही ते मडकं दिलं. ती आधी खुशीत चालली. मग मागं वळून बघितलं तर बाप तिरडीला बांधलेला, गुलालानं माखलेला, तोंडावर माशा, आणि चार माणसांच्या खांद्यावर हलतोय. तिनं हंबरडा फोडला. पेठ हसली. माड्यांवरून बायका हसल्या. हवालदार म्हणून आमचा एक पेन्शनर गिऱ्हाईक होता, तो म्हणाला, अशी रडणारी मिळाली तर मीही मरायला तयार आहे. बानू ‘दादा, ऊट! दादा, ऊट!’ म्हणत होती आणि मडकं सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून चालत होती. धोंडिबाला सगळं ऐकू येत असणार. पण खेळाचा नियम होता आणि तो नियम पाळणारा माणूस होता. डोळे मिटूनच होते. फक्त उजव्या पापणीखाली काहीतरी सारखं उडत होतं, ते मला दिसलं.

नदीवर तिरडी उतरवली. मी बानूच्या हातातून मडकं घेतलं. धोंडिबानं तोंड उघडलं. मी ओतलं, घोटभर नव्हे, चांगलं गळाभर. त्याच्या नरड्याची घाटी वर-खाली झाली. तो उठून बसला. बोंब मात्र त्यानं मारली नाही. सगळे त्याच्या नावानं ओरडत होते, कुणी तरी डफ बडवत होतं, आणि बाप उठला म्हणून पोरगी टाळ्या पिटत त्याच्या गळ्याला लोंबकळली होती. त्यानं मनगटानं तोंड पुसलं, मनगटाकडं बघितलं, मग पोरीला खांद्यावर घेतलं आणि नदी ओलांडून निघून गेला. आम्ही म्हणालो, चिडला वाटतं. मग मडक्यात उरलेली दारू आम्ही वाटून प्यालो.

पुढच्या बाजारी तो एकटाच आला. पायरी चढून दारात उभा राहिला. बाकं भरलेली होती. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं होतं.

‘मालक, येक इचारायचं हाय. परवा नदीवर तुमी माज्या तोंडात घातलं त्ये पानीच व्हतं न्हवं? मला चव कळंना. तीन वर्सं झाली. थुकून टाकाय पायजे व्हतं, पर म्या मढं व्हतो, म्या गिळलं. तुमी निसतं म्हना, पानी व्हतं.’

एवढं तो बोलला आणि बाबूनं मांडीवर थाप मारली. ‘आरं खुळ्या, अण्णांच्या दुकानात दुसरं काय मिळतंय? पानीच आसतंय!’

सगळं दुकान फुटलं. हवालदाराला ठसका लागला. माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. धोंडिबाचं तोंड मला दिसत होतं, पण मला ऐकू येत होतं ते फक्त हसणं. मी पेला फळीवर आपटला आणि म्हणालो, ‘माझ्या दुकानात पाणी विकत नाहीत. अस्सल होती. पहिल्या धारेची. विचार तुझ्या नरड्याला.’

हसणं आणखी वाढलं. धोंडिबानं मान हलवली. ‘व्हय? बरं झालं सांगिटलंत,’ म्हणाला, आणि मुंडासं बांधत पायरी उतरला.

मागच्या दारात बायको उभी होती. एरवी दुकानातल्या बोलण्यात ती पडत नसे. मी जेवायला बसलो तेव्हा ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, ‘रोज सकाळी माझ्या हातच्या दोन घागरी ओतता. आजच कुठून खरं सुचलं तुम्हाला?’

होळीच्या पुनवेपासून चैत्रातल्या पुनवेपर्यंत एक महिना असतो. ह्या महिन्याचं ऊन मला अजून अंगावर ओळखता येतं. जांभळीला मोहर येतो, करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास डोंगराच्या पायथ्याशी दाटतो, कैऱ्या धरतात. आठवड्याभरानं वस्तीवरच्या माणसांकडून कळलं की धोंडिबा आणि ठकू चैत्री पुनवेला पोरीला घेऊन जेजुरीला निघणार. शब्द मोडला होता, पोरगी आता देवाची झाली होती. देवानं ती न्यायच्या आधी आपणच त्याच्या पायावर घालायची, म्हणजे निदान जिवंत तरी राहील, असा त्यांचा हिशेब होता. देवाशी लग्न लावायचं, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, की पोरगी मुरळी झाली. मग तिला नवरा नाही, संसार नाही. पायात चाळ बांधून जत्रांमधून भंडारा उधळत नाचायचं, आणि तिच्या रात्री कुणाच्या हे देव विचारत नाही.

बायको रोज म्हणायची, ‘जा आणि सांगा, पाणी होतं म्हणून. तुमच्या दोन शब्दांचं काम आहे.’ मी म्हणायचो, जातो. पण एकदा ऊन फार होतं. एकदा नवी पिंपं येणार होती, त्यांच्या गाड्या कामथडीला अडकल्या. एकदा काहीच नव्हतं आणि तरी मी गेलो नाही. त्या दिवसांत मी वर्तमानपत्र वाचून बाकावर मोठ्यानं सांगत असे की असल्या शपथा म्हणजे अडाणीपणा आहे. पुनवेला चार दिवस उरले तेव्हा बायकोनं चूल पेटवली नाही. मग मी निघालो.

दोन खिंडी चढून जाईपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली होती. वणव्यानं काळा झालेला उतार, त्यावर मधेच पेटायचं राहून गेलेलं पिवळं गवत, आणि वर ती खोपटं. बानू एका करडाला पाला चारत होती. मला बघून तिनं हात पुढं केला. गुळाची सवय. मी गूळ आणला नव्हता.

धोंडिबानं घोंगडं अंथरलं. ठकूनं ताक दिलं. मी ताक संपवलं आणि म्हणालो, ‘ते पाणी होतं. त्या दिवशी मी रागानं बोललो. नदीवर तुझ्या तोंडात घातलं ते पाणीच होतं.’

धोंडिबानं मान वर केली. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी वर्णन करत नाही. ठकू मात्र जागची हलली नाही. म्हणाली, ‘मालक, साऱ्या बाजारापुढं म्हनला दारू व्हती. आता म्हनता पानी व्हतं. आमी कंचं खरं धरावं?’

‘हे खरं.’

‘मंग उचला.’

ती आत गेली आणि ताटली घेऊन आली. पिवळा भंडारा, त्यावर बेलाचं पान. ‘तुमास्नी पोरगी हाय न्हवं? काय नाव तिचं?’

‘कुसुम.’

‘मंग म्हना, द्येवा, त्ये पानी व्हतं. खोटं बोलत आसलो तर कुसुम तुजी. येवढं म्हना, आमी जेजुरीला जात न्हाई.’

मी हात पुढं केला. माझा हात भंडाऱ्यावर होता, बोटांना हळदीचा स्पर्श झाला होता. कुसुम तेव्हा आठ वर्षांची होती. घरून निघालो तेव्हा ओट्यावर सागरगोटे खेळत होती आणि मान वर न करता ‘कुठं चालला’ विचारत होती. अडाणीपणा, मी स्वतःला म्हणालो. हळद आहे नुसती. पान आहे झाडाचं. एवढं मी मनात चार वेळा म्हणालो आणि हात मागं घेतला.

वारा होता, करडू ओरडत होतं. शेवटी धोंडिबाच म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्ये, ठके. मालक उन्हातान्हाचं येवढं चालून आलं, त्येच लई झालं.’ ठकूनं ताटली उचलली. मग पोरीला हाक मारून म्हणाली, ‘बाने, मालकांच्या पाया पड.’ पोरीनं येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मी सवयीनं म्हणालो, ‘औक्षवंत हो.’

तिला आयुष्य मिळालं. गोवरातून वाचली, पुढं पटकीच्या साथीतून वाचली. आज ती चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. जत्रा करून आलेले लोक तिच्याबद्दल कधी हसत, कधी डोळा मारत बोलतात. आता मुरळ्या सोडायला कायद्यानं बंदी आहे म्हणतात. तिला त्याचा काय उपयोग? कुसुमला सासवडला दिली, तिला दोन मुलं आहेत, जावई सज्जन आहे. ती माहेरी येते तेव्हा मी तिच्याकडं बघतो आणि मला कशाचा आनंद होतो हे मला नीट ठाऊक आहे. त्या आनंदाची मला किळस येते. बायको पुढं वीस वर्षं माझ्याशी चांगली वागली, पण त्या चैत्रानंतर तिनं घागरी आणल्या नाहीत. मी स्वतः आणत होतो.

कारण दुकान चालूच होतं. पुनव झाल्यावरच्या पहिल्याच बाजाराला धोंडिबा आला. तिन्हीसांजा व्हायला अजून वेळ होता, दुकानात बाबू आणि हवालदार तेवढे होते. धोंडिबाच्या केसांत जेजुरीची हळद अजून होती. त्यानं घोंगडं काढून दाराबाहेर ठेवलं आणि पायरीवर न बसता आत आला. तीन वर्षांनी तो त्या बाकावर बसला.

‘घाला, मालक,’ म्हणाला. ‘आता कुनाच्या डोक्यावर हात हाय माजा?’

मी पिंपातून पेला भरून त्याच्यापुढं ठेवला, रोजच्यासारखाच, सकाळी दोन घागरी पडलेल्या पिंपातला. त्यानं एक घोट घेतला. गिळला नाही, तोंडात धरला. मग गिळला, पेला खाली ठेवला, आणि राग नाही, टोमणा नाही, अगदी साधेपणानं म्हणाला, ‘मालक, ह्यात पानी हाय.’

बाबू हसायला लागला आणि मधेच थांबला.

जिभेला एवढी चव असलेल्या माणसाला नदीवरचा तो गळाभर घोट कळला नसेल? त्याला तेव्हाच कळलं होतं. कळल्यावरच तो मुंडासं हातात धरून माझ्या दारात उभा राहिला होता. मी ‘पाणी होतं’ म्हणावं, म्हणजे घरी जाऊन ठकूला ‘मालक म्हनलं पानी व्हतं’ असं सांगता येईल, एवढंच मागायला तो आला होता. आणि दिवसभर पाण्याला दारू म्हणून विकणाऱ्या माझ्या तोंडून त्या एका घोट दारूला पाणी म्हणवलं नाही.